"हात घातलासच कशाला?"

कोल्हापूरचं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, नाहीतर आपलं उद्यमनगर. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, कुणाचं बोट गेलं की शेडमध्ये पहिला प्रश्न हाच. मी आधी विचारीन, त्या प्रेसला क्लच कुठला होता?

जुन्या पॉवर प्रेसला 'की' क्लच असतो. पेडल मारलं की ही 'की' (खीळ) फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, अडकते आणि रॅम (वरून दाबणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, अधेमधे नाही. ही खीळ झिजली, स्प्रिंग मऊ पडली किंवा ब्रेक लायनर गेलं की पेडल सोडल्यावरही रॅम पुन्हा खाली येतो. जॉब, म्हणजे तयार तुकडा, काढायला हात आत गेलेला असतो तो नेमका तेव्हाच. प्रेस डबल मारतंय हे सगळ्या शेडला ठाऊक असतं, तरी ऑर्डर संपेपर्यंत चालवतात.

अशा प्रेसला लाइट कर्टन (हात दिसला की मशीन थांबवणारा सेन्सर) लावून ऑडिटला दाखवणारेही आहेत. सेन्सरला हात दिसला तरी तो थांबवणार काय, क्लचच मधे सुटत नाही! तिथं डायभोवती (साच्याभोवती) पक्की जाळीच पाहिजे. पट्टी आत जावी, बोट जाऊ नये, एवढीच फट. सुट्या जॉबला चिमटा किंवा मॅग्नेट. पेडलवर कव्हर. डाय बदलताना मेन स्विच बंद करून फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, कारण मोटर बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरतं. फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे मधेच थांबवता येणाऱ्या, प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं चालतात, पण पीसवर पैसे असले की एक बटण चिकटपट्टीनं दाबलेलं सापडतं. तो रेट कुणी ठरवला तेही बघा.

बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. हळद, ग्रीस, चहा पावडर काही नको, आणि धीर यावा म्हणून चहाही पाजू नका, भूल द्यावी लागते. तुटलेला तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकला तर तो जोडण्यालायक राहत नाही.

आता कागद. सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल असो की खाजगी, केस पेपरवर "घरी दारात बोट सापडलं" असं लिहिलं गेलं की पुढची लढाई अर्धी तिथंच हरते. "खर्च आम्ही करतो, तेवढं घरी झालं म्हण" या मालकाच्या बोलण्यामागचा हिशेब समजून घ्या. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, उपचाराच्या सुट्टीच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, अंगठ्याला ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. पगार १५,००० धरला तर रोज ५००, त्याचे ९० टक्के ४५०, त्याचे १४ टक्के ६३ रुपये. म्हणजे महिन्याला सुमारे १,९००, तेही तहहयात. मालकानं हातावर ठेवलेल्या वीस हजारांएवढे पैसे यातून अकरा महिन्यांतच मिळतात.

यात चूक कुणाची हे विचारलंच जात नाही. काम करताना, कामामुळं इजा झाली, एवढं पुरे. पगार २१,००० च्या वर असल्यानं ईएसआय नसेल, तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर वेगळा करता येतो.

कंत्राटदाराचा माणूस असला, कालच लागलेला असला, तरी अपघाताचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. नोंदणीच केली नव्हती तर ईएसआय कामगाराला लाभ देऊन रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणून "तुझं कार्ड अजून आलं नाही" ऐकून परत फिरू नका. हजेरीचा फोटो, गेटपास, पगार जमा झाल्याचा मेसेज आजच मोबाइलमध्ये वेगळा काढून घरातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा.