दादाचं नाव घ्या

परवा लेकाने मोबाइलवर भरतीची वेळ शोधायला घेतली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तिथी काय आज?" चतुर्थी होती. म्हटलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चारची पाऊणपट तीन, तीनला पूर्ण भरती. मोबाइलही जवळपास तेच सांगत होता. लेक बघतच राहिला. "आई, तुला कोणी शिकवलं?"

दादाने. तुझ्या मामाने.

हे बोलले आणि लक्षात आलं, की या घरात 'मामा' हा शब्द किती महिन्यांनी उच्चारला गेला.

मालवणात आमचं घर, शाळा पाचला सुटायची. अवसेच्या दिवशी दादा दप्तर पडवीत टाकून थेट माझ्यासमोर उभा राहायचा. "पाऊणकी येता मा तुका? मगे सांग, पंधराची पाऊणपट किती?" पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. उत्तर सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराला आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, पाणी पार आत गेलेलं. अवसे-पुनवेला उधाण, भरती मोठी तशी सुकतीही मोठी, म्हणून मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायचे तर हेच दिवस. अष्टमीला भांगाची, म्हणजे छोटी भरती, तेव्हा जाऊन उपयोग नाही, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. बाईंनी छडी मारूनही न आलेली पाऊणकी मला कोळंबच्या खाडीत आली.

चिखलात उतरलं की तो माझा हात धरायचा. "पाय रोव. हलू नको. तळपायाक काय लागता बघ." आधी नुसता गार, मऊ चिखल. मग बोटांच्या खाली काहीतरी टणक, गोल. मी ओरडायचे आणि तो कोपरापर्यंत हात घालून मुळा बाहेर काढायचा. काढायचा तो, पण घरी गेल्यावर आईला सांगायचा, "हे सगळे हिना गावयले." आई ओलं खोबरं वाटून मुळ्यांचं सुकं करायची आणि पहिलं ताट माझं. दादाने एकदाही खरं सांगितलं नाही.

नारळी पुनवेचं तर विचारूच नका. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी राखी आणि दुपारनंतर बंदरावर दर्याला नारळ. तिथेच नारळ लढवायची झुंबड. दोघांनी नारळावर नारळ हाणायचा, ज्याचा फुटेल त्याने तो जिंकणाऱ्याला द्यायचा. दादा आठ दिवस आधीपासून नारळ निवडत बसायचा. कानाशी धरून नखाने टिचकी मारायची, शेंडी बघायची, परत टिचकी. एका वर्षी त्याने अकरा नारळ जिंकले, आठवडाभर आमच्याकडे नारळीभात आणि वड्या.

पण मला आठवतं ते त्याच्या पुढचं वर्ष. मी दहा वर्षांची. त्याने आपला निवडलेला नारळ माझ्या हातात दिला, म्हणाला, "लढव." गर्दीतले एक काका म्हणाले, चेडवांचो, म्हणजे मुलींचा, खेळ न्हय ह्यो. दादा तेव्हा तेरा वर्षांचा असेल. त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाला, "नारळाक काय कळता, चेडू काय झील ता?" आज मालवणात बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात, बायका साड्या खोचून उतरतात. दरवेळी ते फोटो बघून मला हेच वाक्य ऐकू येतं. त्या दिवशी मी हरले. पहिल्याच फटक्यात माझा नारळ फुटला, दादाने जिंकणाऱ्याकडून तो फुटलेला नारळ मागून घेतला आणि आम्ही दोघांनी तो तिथेच धक्क्यावर बसून खाल्ला.

दादाला जाऊन पाच वर्षं झाली. त्रेचाळीस वर्षांचा होता. हृदयाचं दुखणं, एका रात्रीत संपलं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

लिहायचंय ते त्यानंतरच्या गप्प बसण्याबद्दल. भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईसमोर त्याचो विषय काढू नको." मायेनेच सांगितलं, मी ऐकलंही. चार वर्षं आम्ही भिंतीवरच्या फोटोला हार घातला, दिवसाच्या दिवशी पान वाढलं, आणि जेवताना पावसापाण्यावर बोललो. मुळे आणणंही बंद केलं, आईला आठवण येईल म्हणून. जणू मुळे बघितल्याशिवाय तिला आठवण येत नव्हती!

गेल्या श्रावणात न राहवून मी बोललेच. म्हटलं, आई, ते अकरा नारळ आठवतात? आई भांडी पुसत होती. थांबली. म्हणाली, "तुमी कोण त्याचा नावच घेऊक नाय. माका वाटला, इसारलात."

माझ्या हातापायांतलं बळच गेलं. आम्ही तिला जपत होतो आणि ती चार वर्षं एकटीच त्याला आठवत बसली होती.

म्हणून कळकळीने सांगते. कोणाच्या घरी असं झालं असेल तर तिथे जाऊन विषय बदलू नका. त्या माणसाचं नाव घ्या. तुम्हाला माहीत असलेली त्याची एखादी खोडी, एखादा शब्द, काहीही सांगा. समोरचं माणूस रडेल. रडू दे. त्याच्याजवळ बसा.

त्या दिवशी आई उठली आणि बंदरावर न्यायच्या नारळांच्या टोपलीपाशी जाऊन बसली. एक उचलला, कानाशी धरला, नखाने टिचकी मारली. "ह्यो नको." दुसरा उचलला, परत टिचकी.

"तुका कोणी शिकवल्यान गो?" मी विचारलं.

"सगळे नारळ रांधपात माझ्या कानाक लावन बघी तो," आई म्हणाली, आणि तिसरा नारळ तिने माझ्या लेकाच्या कानाशी धरला.