मी आईला रोज फोन करत नाही

परवा नायगावला मावशीकडे गौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. बर्लिनला एकटीच असते म्हटल्यावर आधी "अगं बाई!" झालं, मग एका काकूंनी विचारलं, "आईला रोज फोन करतेस ना?" मी म्हटलं, "नाही, रविवारी करते." सगळ्याजणी गप्प झाल्या. आईने मान खाली घालून ओटीच्या सुपाऱ्या मोजायला घेतल्या. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. आईसाठी तरी हे नीट सांगायला हवं.

मी मुंबईतल्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही सात माणसं, संडास सगळ्या मजल्याचा मिळून. अभ्यास गॅलरीत, झोपायला कॉटखालची जागा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत मी खोलीत एकटी अशी एकही रात्र झोपले नव्हते. ही तक्रार नाही. ताप आला की चार घरांतून पेज यायची, ते सुख मला माहीत आहे. पण ऑक्टोबर २०२२मध्ये बर्लिनला पोचले तेव्हा एकटं राहायचं कसं, याची मला काडीची सवय नव्हती, हेही तितकंच खरं.

मग मी फोनला धरून राहिले. डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. थंडीत आपली घड्याळं साडेचार तास पुढे. आई रात्री साडेनऊला जेवून बसायची तेव्हा माझे पाच वाजलेले असायचे. आधी आई, मग भाऊ, मग शेजारच्या काकू. दीड तास सहज जायचा. मागून सिरियलचा आवाज, गॅलरीतून कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक. चाळीत कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं हे मला त्याच दिवशी कळायचं. माझ्या समोरच्या दारामागे कोण राहतं हे मात्र चार महिने माहीत नव्हतं. आणि पाच ही नेमकी ऑफिसातली माणसं एकत्र कुठेतरी निघायची वेळ. त्यांनी मला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी "घरी फोन करायचाय" म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

मार्चमध्ये आईला सांगितलं, आता रविवारी बोलू, मध्ये काही लागलं तर मेसेज कर. ती दोन दिवस बोलली नाही. तो आठवडा मी रोज संध्याकाळी रडले. पण त्या रिकाम्या दीड तासात पहिल्यांदा मी खाली उतरले.

तिथे पत्त्यात सहसा खोली नंबर नसतो. खालच्या बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव असतं, तोच पत्ता. नाव नसेल तर टपाल परत जातं. मी पाच महिने कागदाच्या चिठ्ठीवर भागवलं होतं, ते काढून नीट पाटी लावून घेतली. आमच्याकडे दारावर बाबांचं नाव, त्याआधी आजोबांचं. फक्त बाईच्या नावावर असलेली आमच्या घरातली ही पहिली बेल. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

एप्रिलमध्ये आईचं पार्सल आलं, तेव्हा मी ऑफिसात होते. तिथे आपण घरी नसलो की पार्सलवाला शेजाऱ्यांकडे ठेवतो आणि चिठ्ठी टाकून जातो. माझं तळमजल्यावरच्या आजींकडे ठेवलं होतं. एवढं जड काय आहे, त्यांनी विचारलं. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं, सांगता येईना, म्हणून तिथेच उघडून दाखवलं. गोधडी होती. आईच्या जुन्या साड्यांची, तिने स्वतः शिवलेली. आजींनी चष्मा लावला आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग आत जाऊन स्वतः शिवलेली एक रजई घेऊन आल्या. बोलणं फारसं झालं नाही, पण त्या दिवसानंतर मला त्या इमारतीत परकं वाटलं नाही.

शुक्रवारी मायबाखउफरच्या बाजारात जाते. कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, बरेचसे विक्रेते तुर्की. कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, वांगी, आणि बाजार उठताना थेट दादरसारखा आरडाओरडा. मी कायम एकाच गाड्यावर घेते. आता तो माणूस माझ्यासाठी तिखट मिरच्या बाजूला काढून ठेवतो. नव्या शहरात जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जात राहा. ओळख व्हायला वेळ लागतो, पण होते.

रविवारी तिथली दुकानं बंद असतात. मी टेम्पेलहोफच्या मैदानावर जाते. हे पूर्वी विमानतळ होतं, २००८मध्ये बंद झालं, २०१०मध्ये लोकांसाठी खुलं केलं. शहराच्या आत तीनशे हेक्टरांहून जास्त मोकळी जमीन. पंचवीसच्या वर शिवाजी पार्क मावतील तिथे! कडेला इमारती उठणार होत्या, पण २०१४मध्ये बर्लिनकरांनी मत देऊन त्या नाकारल्या. खिडकीतून नायगावच्या नव्या बांधकामांच्या क्रेन बघत हे लिहिताना घसा दाटून येतो. जुन्या धावपट्टीवर मी तासभर चालते, कुणाशी न बोलता. बत्तीस वर्षं जे मिळालं नव्हतं ते मला तिथे मिळतं, आणि ते मला फार आवडतं. त्या शहरात निम्म्याहून जास्त घरांत एकच माणूस राहतो. हॉटेलात एकटी बसले तरी "बरोबर कुणी नाही?" असं कुणी कीव करत विचारत नाही. घरी परतून अर्ध्या वाटीचा भात लावते, ताट वाढून टेबलावर बसून जेवते.

आणि मग आईला फोन. आता दोन-दोन तास बोलतो, कारण आता माझ्याकडे सांगायला काहीतरी असतं.

ज्यांचे आईवडील आजारी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी दिवसातून चारदा करावा. पहिले काही आठवडेही रोज बोला, धीर लागतो. पण धडधाकट घरांनी परदेशी गेलेल्या पोरीच्या रोजच्या संध्याकाळवर हक्क सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. तिची तिथली माणसं त्याच वेळात जोडली जायची असतात. काकू, आईवरची माया फोन मोजून ठरवू नका एवढीच विनंती.

उद्या रात्रीचं विमान आहे. आई आत बॅग भरतेय. मघाशी बाहेर येऊन विचारून गेली, "तुझ्या खालच्या आजींना डिंकाचे लाडू चावतील का?" मी म्हटलं, त्यांचे दात गेलेत. आता रवा भाजल्याचा वास येतोय.