“यूनिट कहाँ है?”

घरी बसून कमावणाऱ्याला सरकार पैसे देतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्याच्याकडे ‘युनिट’ पाहिजे. इंदुरात भाषांतर, डिझाइन, हिशेब लिहिणं, लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट ही कामं सुदामा नगरच्या गॅलऱ्यांमध्ये, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी निवांत चालतात. अनुदानाचा अर्ज घेऊन टेबलापाशी गेलं की मात्र साहेब चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “यूनिट कहाँ है?” कुरडयांशेजारी, हे उत्तर फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

साहेबांचा तरी काय दोष? योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पिठाची गिरणी होती, असं माझं ठाम मत आहे. गिरणी दिसते, ऐकू येते, तिच्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो. भाषांतरकाराचा फोटो काढला तर माणूस रिकामा बसलाय असंच वाटतं.

सगळ्यांच्या तोंडी असते ती पीएमईजीपी, म्हणजे नव्या छोट्या धंद्याला बँकेचं कर्ज आणि त्यावर अनुदान देणारी केंद्राची योजना, 2008 सालची. 2022 मध्ये तिची मर्यादा वाढून सेवा उद्योगाला 20 लाख आणि उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प झाला. आपण पाच लाखांचा धरू. शहरातला, खुल्या गटातला पुरुष असेल तर पदरचे 10 टक्के, म्हणजे 50 हजार घालायचे, साडेचार लाख बँकेचे, आणि अनुदान 15 टक्के, 75 हजार. बाई असेल तर पदरचे 25 हजार आणि अनुदान 25 टक्के, सव्वा लाख. तीच बाई खेड्यात असेल तर 35 टक्के, पावणेदोन लाख. हा हिशेब कळला की त्याच संध्याकाळी घरोघरी बायकोच्या कर्तृत्वाचा साक्षात्कार होतो आणि इंदूरजवळच्या सिमरोळ गावी आपले एक चुलतकाका असतात हेही आठवतं. जपून! पुढे युनिटची प्रत्यक्ष तपासणी होते. पत्त्यावर म्हैस बांधलेली निघाली आणि ‘धंदा काय करता’ या प्रश्नावर मालकीणबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या, तर पावणेदोन लाख तिथेच गोठ्यात राहतात.

खरी मेख प्रकल्प अहवालात. भांडवली खर्च नसलेला प्रकल्प चालत नाही. जमिनीची किंमत धरायची नाही. भाडं धरता येतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं. आता डोकं हे यंत्र भांडवलात मोडत नाही, कारण त्याचं कोटेशन कोणी देत नाही. म्हणून लॅपटॉप, कॅमेरा, प्रिंटर, यूपीएस आणि एक बरी खुर्ची यांची कोटेशनं जोडायची, जीएसटी नंबर असलेल्या दुकानाची, सही-शिक्क्यासकट. बँक पैसे सहसा थेट दुकानदाराला पाठवते. उत्साहाच्या भरात लॅपटॉप आधीच घेऊन टाकलात तर ते बिल फक्त वॉरंटीच्या कामाचं. कोटेशनची मुदत थोडी, बँकेचा विचार दीर्घ. मंजुरी येईपर्यंत भाव चढलेला असतो आणि वरचा फरक आपल्या खिशातून जातो.

त्यातून प्रकल्प नवाच हवा. दहा वर्षं हेच काम करणारा ‘जुनं युनिट’ म्हणून बाद. बँकेला मात्र अनुभव दिसला की बरं वाटतं, तीन वर्षांचे रिटर्न असतील तर फारच बरं. एका टेबलावर आपण मुरलेले, दुसऱ्या टेबलावर कालच बारसं झालेले, आणि फाइल एकच.

पण इंदूरच्या मराठी माणसाची फाइल अडते ती ‘ळ’पाशी. जिथे पळशीकरांच्या कॉलनीची पाटीच ‘पलसीकर’ म्हणते, तिथे काळ्यांचे ‘काले’ होणार हे ठरलेलंच. आधारवर एक ‘ए’, पॅनवर दोन. आपण नाव-वडिलांचं नाव-आडनाव लिहिणार. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीत, मधलं नाव गायब. बायकोच्या नावाने अर्ज असेल तर दहावीच्या मार्कशीटवर माहेरची सुमन, आधारवर सासरची सुनीता. 25 टक्के हवे असतील तर आधी या दोघी एकच आहेत हे सिद्ध करा. क्रम चुकवू नका: आधी आधार, मग पॅन, मग समग्रची ई-केवायसी, शेवटी बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे तिथे स्पेलिंग सांगताना पानाचा तोबरा थुंकून यावं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, तीही याच रांगेतली. 2020 पासून ती आधार-पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साइट कितीही तिरंगी दिसली तरी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते बघा.

समजा मंजुरी आली. अनुदान हातात पडत नाही. ते तुमच्या नावाने तीन वर्षं बँकेत ठेवीत राहतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. हप्ते वेळेवर, युनिट चालू, तपासणी ठीक, मग ते कर्जात वळतं होतं. काही घरांत आत्या चांदीचं ताट काढून ‘तुझंच आहे हो’ म्हणते आणि पुन्हा कपाटात ठेवते, तसलाच प्रकार.

केंद्राच्या मुद्रा योजनेत अनुदान असतं ही बातमी ‘छप्पन दुकान’च्या खाऊगल्लीत पोह्यांइतकी ताजी मिळते. नसतं. ते तारण न मागता मिळणारं कर्ज आहे, 50 हजारांच्या ‘शिशू’पासून पुढे, आणि फेडायचं पूर्ण. राज्याच्या उद्यम क्रांती योजनेत व्याजावर 3 टक्के सूट, कमाल सात वर्षं. पाच लाखांवर पहिल्या वर्षी 15 हजारांच्या आत-बाहेर. कारागिरांच्या विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15 हजार आणि प्रशिक्षणाचे दिवसाला 500, पण धंदे ठरलेले अठरा. त्यात शिंपी, न्हावी, सुतार आहेत, होडी बांधणाराही आहे. भाषांतरकार नाही. होडी बांधायला शिकावं आणि इंदूरच्या कान्ह नदीत सोडून बघावी, एवढाच मार्ग उरतो.

शेवटी पाटी. पीएमईजीपीच्या युनिटच्या मुख्य दारावर नाव, बँकेचं नाव आणि योजनेचं नाव लिहिलेला बोर्ड लावावा लागतो. गिरणीवर तो शोभतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारावर, गणपतीच्या टाइलखाली लागला की दुपारी दीडला बेल वाजते. दारात अनोळखी गृहस्थ, हातात फाइल. “भिया, लोन यहीं मिलता है क्या?” आतला भाषांतरकार कुरडयांवरचा कावळा हाकलत विचारतो, “समग्र की केवायसी हो गई?”