क्लेझ्मर कुणी विकलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नात वाजणारं संगीत. ते वाजवणारे न्यूयॉर्कचे ज्यू वादक स्विंगकडे, म्हणजे नाचायच्या जॅझकडे कसे वळले, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला हे उत्तर.

'पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या ज्यूंवर अक्कल पाजळू नका' अशी सुरुवात करायची काही गरज नव्हती. मत पटलं नाही तर तसं सांगा, पण अनोळखी माणसाशी बोलायची एक रीत असते. ती मी तुम्हाला शिकवावी का?

लेख लांबला, हे मान्य. दोन भागांत द्यायला हवा होता.

पण 'या वादकांनी पैशासाठी बापजाद्यांचं क्लेझ्मर विकलं' हे तुमचं वाक्य मी सोडणार नाही. अमेरिकेच्या 1924 च्या स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला. अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना लग्नात फॉक्सट्रॉटसारखा अमेरिकन नाच हवा होता. वाजवणाऱ्याने मग काय करायचं, घरी बसायचं?

ट्रम्पेटवादक झिगी एल्मनचं उदाहरण मी दिलं होतं. 'देर श्टिलर बुलगार' ही क्लेझ्मरची चाल एब श्वार्त्झच्या ऑर्केस्ट्राने 1918 मध्ये रेकॉर्ड केली होती. एल्मनने 1938 मध्ये ती 'फ्रालिख इन स्विंग' म्हणून वाजवली. पुढच्याच वर्षी जॉनी मर्सरचे शब्द घेऊन ती बेनी गुडमन या ज्यू क्लॅरिनेटवादकाच्या स्विंग बँडमध्ये 'अँड द एंजल्स सिंग' झाली. ती रेकॉर्ड नीट ऐका. मार्था टिल्टनचं गाणं संपतं, ड्रमचा ठेका बदलतो आणि एल्मनचा ट्रम्पेट थेट ज्यू लग्नाच्या मांडवात शिरतो. हे विकणं असेल तर जपणं कशाला म्हणायचं?

आणि पैसा म्हणाल तर संगीतकार शोलोम सेकुंडाने यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटकासाठी 1932 मध्ये केलेलं 'बाय मिर बिस्टु शेन' 30 डॉलरला देऊन टाकलं. 1937 मध्ये अँड्र्यूज सिस्टर्सनी ते गायलं, देशभर गाजलं, आणि कमावलं दुसऱ्यांनीच.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत लोक सिनेमाची गाणी मागत, ते वाजवत. पण मुलगी सासरी निघाली की गुरूंकडून आलेली भैरवीच वाजायची, आणि ती कुणी मागितलेली नसायची. त्यांनी काय विकलं, ते मला समोर येऊन सांगा. फक्त पुस्तकं वाचून मी हे लिहीत नाही.

ज्यू संगीतकार जॉर्ज गर्श्विन आणि कृष्णवर्णीय संगीतकारांचं ऋण हे तुमचे बाकीचे मुद्दे. कृष्णवर्णीय फ्लेचर हेंडरसनच्या अरेंजमेंट्सशिवाय गुडमन उभा राहिला नसता, हे मी कुठे नाकारलंय? तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जीन क्रुपाच्या स्विंग बँडमध्ये वाजवलेला सॅम म्युझिकर 1955 मध्ये सासरे, क्लेझ्मर क्लॅरिनेटवादक डेव्ह टारास यांच्याबरोबर 'तान्झ!' ही क्लेझ्मरची रेकॉर्ड करायला बसला, हेही लेखाच्या शेवटी आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं होतं का? वाचून पुन्हा लिहा, मी उत्तर देईन. मात्र पहिल्या ओळीची भाषा परत आली तर प्रतिक्रिया काढून टाकेन.