‘कार्ड गेलं की मशीन भंगारात’: जुन्या इलेक्ट्रॉनिक वॉशिंग मशीनबद्दलचा एक दावा तपासून बघू

जुन्या फ्रंट लोड मशीनचा विषय निघाला की एकच मजकूर पुढे सरकवला जातो. त्याचा गोषवारा असा (कार्ड म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड, टायमरवाली म्हणजे यांत्रिक टायमरवर चालणारी): ‘1980-90 च्या इलेक्ट्रॉनिक मशीनचं कार्ड गेलं की ती भंगार. कार्ड दुरुस्त होत नाही. मोटर सुसाट पळाली की कार्ड जळालं समजा. फारच वाटलं तर युनिव्हर्सल कार्ड बसवा, नाहीतर टायमरवाली मशीन घ्या, ती जन्मभर चालते. मशीन बरीच वर्षं बंद असेल तर एकदा प्लग लावून बघा, चालली तर चालली.’

यातलं शेवटचं वाक्य नुसतं चूक नाही, धोक्याचं आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथून.

‘प्लग लावून बघा.’ मुळीच लावू नका. त्या काळच्या युरोपीय मशीनमध्ये मेन्स (घरातली 230 व्होल्टची वीज) आत शिरते तिथे फिल्टरचा कपॅसिटर असतो. पुष्कळदा तो धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचा, पिवळसर पारदर्शक रेझिनमध्ये बंद केलेला असतो. वर्षांनुवर्षांत त्या रेझिनला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून दमट हवा आत जाते, आणि 230 व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत तो फुटून धूर काढतो. कोकण-गोव्याच्या हवेत पडून राहिलेल्या मशीनमध्ये त्याच्यावर अजिबात भरवसा ठेवू नये. तपासत बसण्यापेक्षा सरळ बदला: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, एक्स2 वर्गाचा, 275 व्होल्ट एसी किंवा त्याहून वरचा. फेज किंवा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला असेल तर तो वाय2 वर्गाचाच हवा. तिथे साधा 400 व्होल्ट डीसीचा कपॅसिटर चालत नाही, कारण तो शॉर्ट झाला तर करंट थेट बॉडीवर येतो.

मग हीटर. 2000 वॉटच्या हीटरचा रेझिस्टन्स 26 ओमच्या आसपास दिसतो, पण तेवढ्यावर तो चांगला ठरत नाही. हीटरच्या दोन्ही वायरी काढून टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) मोजा. 1 मेगओमच्या खाली असेल तर हीटर बदला. आरसीसीबी (वीज अर्थला गळली की सप्लाय तोडणारा स्विच) पडते म्हणून कार्डाला दोष दिला जातो, आणि बऱ्याचदा खरा दोषी हा हीटरच असतो. मेगर लावताना कार्डाचे कनेक्टर निघालेले हवेत, नाहीतर चांगलं कार्ड तुम्हीच माराल.

पहिला सप्लाय नेहमी सिरीज बोर्डवरून द्यावा: मशीनच्या सप्लायमध्ये सिरीजला 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब (एलईडी नव्हे), हीटर आणि मोटर दोन्ही सुटे. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे तो कळण्यापलीकडे नुकसान झालेलं नाही.

‘मोटर सुसाट पळाली, म्हणजे कार्ड जळालं.’ ही मोटर कार्बनवाली युनिव्हर्सल मोटर असते. तिच्या शेपटाकडे एक गोल मॅग्नेट आणि एक कॉइल असते, तो टॅको. मोटर किती वेगाने फिरतेय हे कार्डाला फक्त टॅकोच सांगतो. टॅकोचा सिग्नल तुटला की कार्डाला वाटतं मोटर थांबलीय, म्हणून ते ट्रायॅक (मोटरला किती वीज जाईल ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणखी उघडतं. काही कार्डं दोनचार झटके देऊन मोटर बंद करतात, काही तिला पळू देतात. म्हणून आधी टॅको बघा. कॉइलचा रेझिस्टन्स मोटरीप्रमाणे काही दहा ते काही शे ओम येतो. ओपन दाखवत असेल तर कॉइल गेली. रेझिस्टन्स बरोबर आला तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून ड्रम हाताने फिरवा, आकडा हलला पाहिजे. हलत नसेल तर मॅग्नेट शाफ्टवर सैल झालाय किंवा कॉइल क्लिपमधून सरकलीय. यात कार्डाचा काडीचाही दोष नाही, आणि काही वेळा एक स्क्रू घट्ट केला की काम होतं.

टॅको चांगला असूनही प्रोग्रॅम सुरू होताच मोटर पूर्ण वेगाने सुटत असेल तर ट्रायॅक शॉर्ट आहे. सप्लाय काढून, मोटरची वायर सोडवून एमटी1 आणि एमटी2 या ट्रायॅकच्या दोन मुख्य पायांमध्ये मोजा. चांगला ट्रायॅक मेगओममध्ये दाखवतो, गेलेला काही ओममध्ये.

ट्रायॅक बदलताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे बीटीए16 काढून त्या जागी बीटी139 बसवणं. दोन्ही 16 अँपिअरचे, पण बीटीएची पाठ इन्सुलेटेड असते, बीटी139 ची पाठ एमटी2 ला जोडलेली. हीटसिंक (ट्रायॅक थंड ठेवणारा धातूचा तुकडा) बॉडीला टेकत असेल तर बॉडी ‘लाइव्ह’ होते. दुसरी चूक शेवटच्या अक्षरांची. बीटीए16-600बी चारही क्वाड्रंटमध्ये (एमटी2 आणि गेट, म्हणजे ट्रायॅक चालू करणारा पाय, यांच्या प्लस-मायनसच्या चार जोड्यांत) चालतो, बीटीए16-600बीडब्ल्यू फक्त तीनमध्ये. जुन्या काही कार्डांत गेटला दोन्ही अर्धसायकलींत पॉझिटिव्ह पल्स मिळतो. तिथे बीडब्ल्यू बसवला की एक अर्धसायकल कधीच पेटत नाही, मोटर गुरगुरते आणि ताकद लावत नाही. मग ‘बघा, कार्ड दुरुस्त होत नाही’ असं म्हटलं जातं.

‘कार्ड दुरुस्त होत नाही.’ उलट, सुरुवातीची कार्डं आजच्यापेक्षा सोपी आहेत. आजचं कार्ड बहुतेक वेळा रबरासारख्या लेपात बुडवलेलं असतं. तेव्हाचं उघडं, भोकांतून पाय घातलेल्या सुट्या भागांचं. वेगाचं नियंत्रण अनेक ब्रँडच्या मशीनमध्ये टीडीए1085 या एकाच 16 पायांच्या आयसीकडे असे. त्या काळच्या बऱ्याच मशीनमध्ये तर क्रम ठरवायला टायमर आणि कार्ड फक्त मोटरच्या वेगापुरतं, अशी विभागणी होती.

बिघाडही ठरलेले. भिंग घेऊन रिले, ट्रायॅक, कनेक्टर आणि तापणारे रेझिस्टर यांच्या पायांभोवती बघा. सोल्डरच्या डागाभोवती काळसर वर्तुळ दिसलं तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड. जुना डाग शोषून काढा आणि 60/40 सोल्डरने नवा मारा. जुन्यावरच नवा चढवला तर तो पुन्हा तडकतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 105 अंशांचे घालून सगळेच बदलून टाका, खर्च किरकोळ आहे.

रिले ओढताच दिवे मंद होऊन प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असा बिघाड ट्रान्सफॉर्मर नसलेल्या कार्डांत वारंवार भेटतो. तिथे मेन्स एका कपॅसिटरमधून उतरवलेली असते. 0.47 मायक्रोफॅरडमधून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झला सुमारे 34 मिलिअँपिअर मिळतात. तो कपॅसिटर झिजून 0.30 वर आला की 22 मिलिअँपिअरच उरतात. कार्ड जागं राहतं, पण रिले ओढायला ताकद पुरत नाही. कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर निदान पाच मिनिटांचं आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. या कार्डाचा ग्राउंड मेन्सपासून वेगळा नसतो. सप्लाय चालू असताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला ऑसिलोस्कोप लावू नका.

दाव्यात एवढं मात्र खरं आहे: पूर्ण इलेक्ट्रॉनिक मशीनमधला मायक्रोकंट्रोलर गेला तर मार्ग खुंटतो. त्याचा प्रोग्रॅम कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो, कोरी चिप आणून भागत नाही. दुसऱ्या तशाच मशीनमधून कार्ड काढावं लागतं. पण जाणारे भाग बहुतेक वेळा पॉवर सप्लाय आणि ट्रायॅककडचे असतात, आणि ते लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे मिळतात.

‘टायमरवाली जन्मभर चालते.’ टायमरमध्ये प्लॅस्टिकचे कॅम आणि करंट तोडणारे कॉन्टॅक्ट असतात. कॉन्टॅक्ट जळतात, कॅमचे दात झिजतात, आणि कॅमचा क्रम त्या त्या मॉडेलपुरता असतो. ट्रायॅक बाजारात मिळेल, तो कॅम कुठे मिळणार?

राहिलं ‘युनिव्हर्सल कार्ड’, म्हणजे कुठल्याही मशीनला बसेल असं सांगितलं जाणारं. मोटर 600 आरपीएमवर असताना 8 पोल-जोड्यांचा (मॅग्नेटवरच्या उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्या) टॅको 80 हर्ट्झ देतो, 4 जोड्यांचा 40. आठची अपेक्षा असलेल्या कार्डाला चारचा टॅको जोडला की ते मोटर दुप्पट वेगाने पळवतं. 800 आरपीएमचा ड्रम 1600 च्या मागे लागतो, आणि जुना ड्रम, बेअरिंग, स्प्रिंग यांतलं काहीही त्यासाठी बनवलेलं नाही. म्हणून आधी कॉइल काढा आणि लहान होकायंत्र मॅग्नेटजवळ धरून शाफ्ट हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. सुई 16 वेळा उलटली तर 8 जोड्या, 8 वेळा उलटली तर 4. कार्डाच्या अपेक्षेशी आकडा जुळला तरच पुढे जा, आणि पहिलं स्पिन रिकाम्या ड्रमवर, प्लगजवळ उभं राहून घ्या.