चौथाई

आमच्या भाचीने हिंजवडीची चांगली नोकरी सोडून कोथरूडच्या स्वयंपाकघरात चॉकलेटं करायला घेतली, तेव्हा घराण्यात जे व्हायचं ते सगळं होऊन गेलं. आता तिला ऑर्डरी येतात, त्यामुळे "आम्ही तर तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यात मीही आहे.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिने एक खोकं आणून दिलं. सोनेरी फीत, आत सोळा खळगे, प्रत्येक खळग्यात एक चॉकलेट आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळं सारण. "सारण नाही रे मामा, फिलिंग," ती म्हणाली. मोदकात असतं ते सारण, सोनेरी फितीच्या आत असतं ते फिलिंग, एवढं मला कळलं.

"आणि प्रत्येकाचं वेगवेगळं मत हवंय. उगाच गोड गोड नको, खरं सांगा."

पुण्यात राहून, पुण्यातच वाढून ही मुलगी सदाशिव पेठेतल्या माणसांकडे खरं मत मागत होती. नळ उघडा टाकून गावाला जाण्यातलाच हा प्रकार.

जाताना दारातून तिने आणखी एक बाँब टाकला. "फ्रिजमध्ये ठेवू नका हं." फ्रिजच्या ओलाव्याने म्हणे साखर वर येते आणि चॉकलेटवर पांढरे डाग पडतात. शिवाय कोकोचं लोणी शेजाऱ्याचा वास चटकन उचलतं, आणि आमच्या फ्रिजमधले शेजारी म्हणजे लसणाची चटणी आणि अर्धा चिरलेला कांदा. बाहेर ठेवावं, तर एप्रिलची अखेर. पारा 39 वर, आणि कोकोचं लोणी 34 अंशांच्या आसपास वितळतं. त्याला मानवतात ते सोळा ते अठरा अंश. आमच्या घरात अठरा अंश फक्त एकाच ठिकाणी मिळतात: बेडरूममध्ये, एसीखाली.

म्हणून गुरुवारी सकाळी अकरा वाजता आम्ही चौघं पलंगावर मांडी घालून बसलो. मी रजा टाकलेली, चिरंजीवांना सुट्टी. आई शाल पांघरून, कानाला मफलर गुंडाळून.

"चॉकलेट खायला बसलोय की अमरनाथला निघालोय?" आईने विचारलं. मग तिला आठवलं. "अगंबाई, आज माझा गुरुवार. उपासाला चालतं का हे?"

इथे चिरंजीव कामी आले. त्याला नुकताच शाळेत अमेरिकेचा शोध झाला होता. "आजी, बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं अमेरिका खंडांतून आलंय. कोकोपण तिकडचाच."

आईने क्षणभर विचार केला. "मग ते बाकीचं सगळं चालतं, तर ह्यानेच काय घोडं मारलंय?" निकाल लागला. फक्त बिस्किटाचा चुरा घातलेलं नऊ नंबरचं बाद झालं, कारण त्यात मैदा. कुठल्या खळग्यात काय, हे खोक्यातल्या नकाशावर छापलं होतं आणि नकाशा बायकोच्या ताब्यात होता.

पुढचा प्रश्न वाटणीचा. सोळा भागिले चार, प्रत्येकी चार, असं सरळ गणित मी मांडलं. बायको म्हणाली, मग दुसऱ्याने खाल्लेल्याचं मत आपण काय देणार? तेव्हा प्रत्येक चॉकलेटचे चार तुकडे करायचे ठरले. मराठ्यांनी चौथाई वसूल केली ती मुलखातून. आम्ही नखाएवढ्या चॉकलेटातून.

त्या चॉकलेटचं कवच म्हणजे अंड्याच्या टरफलासारखं पातळ आणि आरशासारखं चकचकीत. भाची ते वितळवून, गार करून, पुन्हा 31-32 अंशांवर आणते, तेव्हा कुठे अशी चमक येते आणि चावताना 'कट्' वाजतं. सुरी टेकवताच ते वाजलं खरं, पण चार तुकडे न होता एकोणीस झाले, आणि आतला आंबा पलंगपोसावर गेला. पहिल्या चॉकलेटबद्दल आमचं सामुदायिक मत 'डाग निघेल का?' असं नोंदवलं गेलं.

मग आईने कनवटीतून काढावा तसा शालीतून अडकित्ता काढला. हेझलनटवालं तिने सुपारीसारखं चिमटीत धरलं, अंगठा किंचित दाबला आणि चार सारखे तुकडे तळहातावर ठेवले. एक कण सांडला नाही. पासष्ट वर्षं सुपारी कातरलेल्या हाताला बेल्जियमची कारागिरी काय अवघड? त्यानंतर कातरण्याचं खातं तिच्याकडे गेलं.

मतं येऊ लागली. समुद्री मीठवालं कॅरॅमल: "मीठ जास्त झालंय, सांगा तिला." मिरचीवालं: "नंतर झोंबतं, म्हणजे आधी फसवतं." पांढऱ्यात कोकोची पूड नसते, नुसतं त्याचं लोणी, साखर आणि दूध, असं चिरंजीवांनी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग नैवेद्याला चालेल."

सातव्याला वीज गेली. गुरुवार म्हणजे पुण्यात वीजदुरुस्तीचा वार, ती जायचीच. रजेच्या आनंदात आम्ही विसरलो होतो. पाच मिनिटांत आईने मफलर काढला, दहाव्या मिनिटाला शाल. चॉकलेटांची चमक उतरू लागली तसा मतांचा दर्जाही उतरला. आठव्याला "बरं आहे", दहाव्याला "आवर". बायको नकाशा वाचायची, त्याच नकाशाने वारा घ्यायची, पुन्हा वाचायची.

अकराव्याला मात्र ती वाचता वाचता थांबली. नकाशा माझ्याकडे सरकवला. 'रम आणि मनुका'. तोवर आईचा तुकडा तोंडात गेलेला.

"हे कसलं गं?"

"मनुकांचं," बायको म्हणाली.

"औषधी लागतं. छान आहे."

यात आईचं फारसं चुकत नव्हतं. भाचीने सांगितलं होतं, ब्रुसेल्समध्ये 1857 साली नॉयहाउस नावाच्या माणसाचं औषधांचं दुकान होतं, आणि तो कडू औषधांवर चॉकलेटचा लेप द्यायचा. 1912 साली त्याच्या नातवाने औषध काढून सारण घातलं. आमच्या भाचीने फक्त औषध परत आत घातलं होतं.

चिरंजीवांचा हात पुढे आला तसा बायकोने तो झटकला. "तुला नको, कडू आहे." तो तुकडा आईने घेतला. मग "तुम्हाला नको असेल तर" म्हणत आमचे दोन्ही. अकरा नंबरची चौथाई पूर्ण वसूल झाली. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत गप्प. नकाशा उशीखाली गेला.

संध्याकाळी भाचीला मतं पाठवायला बसलो. अकराव्यासमोर काय लिहावं, या विचारात असताना आई मागे येऊन उभी राहिली.

"लिही, रम चांगली आहे. अजून चमचाभर चालेल."

"आई, तुला कळलं होतं?"

"तुझे बाबा तीस वर्षं मिलिटरीच्या हिशेबखात्यात होते. कँटीनची बाटली घरात यायची, खोकला झाला की दोन चमचे मिळायचे. मला कळणार नाही तर कुणाला?"

"अगं, पण आज उपास ना तुझा?"

"रम मळीची असते, मळी उसाची," आई म्हणाली. "ऊस उपासाला चालतो."