‘माणसाचा पंचनामा कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

वडिलांवर स्मरणलेख कसा लिहावा, या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “तुमच्या यादीतले प्रश्न आईला विचारायला बसले, तिसऱ्या प्रश्नाला ती रडायला लागली. माणूस गेल्यावर त्याचा पंचनामा कशाला? प्रेमळ पती, कर्तव्यदक्ष वडील, लाडके आजोबा, एवढं पुरेसं नाही का? आणि बाबांचा कडकपणा तर लिहूच नये.”

आधी आईंबद्दल. ही चूक माझी. प्रश्नांची यादी दिली, पण ती केव्हा आणि कशी वापरायची ते लिहिलं नाही. तेरावं होईपर्यंत कुणालाही मुद्दाम काही विचारू नये. भेटायला येणारी माणसं आपणहून बोलत असतात. ते ऐकावं आणि रात्री चार ओळींत टिपून ठेवावं. पुढे महिना-दोन महिन्यांनी आईंजवळ बसा, पण वही-पेन घेऊन समोर बसू नका, साक्ष काढल्यासारखं होतं. शेजारी बसा आणि एखादी वस्तू त्यांच्या हातात द्या: चष्म्याची डबी, अडकित्ता, पासबुक, काहीही. “बाबा कसे होते?” या प्रश्नाला “फार चांगले होते” याखेरीज उत्तर येत नाही आणि पाठोपाठ रडू येतं. “ही डबी कुठून आणली होती?” म्हटलं की गोष्ट सुरू होते. एका वेळी अर्धा तास पुरे. फोनवर आवाज टिपायचा असेल तर त्यांना सांगून टिपा, पंखा बंद करा आणि फोन दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. पंख्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा हळू आवाज बुडून जातो. त्या पिढीतल्या अनेक बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणतात. कागदावर उतरवताना तिथे बाबांचं नाव घालू नका. “ह्यांना भाकरी तव्यावरचीच लागायची” या वाक्यातलं ‘ह्यांना’ काढलं तर त्यातली आई निघून जाते.

आता विशेषणांचं. ‘प्रेमळ पती’ खोटं नाही, पण ते गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर आहे. तुमचे बाबा त्यात कुठे दिसतात? घरातली जुनी कॅलेंडरं रद्दीत गेली नसतील तर आधी ती काढा. त्या पिढीतले पुरुष मनातलं फारसं बोलत नसत, पण तारखेच्या चौकोनात लिहीत असत. ‘दूध खाडा’, ‘सिलिंडर लावला’, ‘लाइट बिल भरलं’, आणि मधेच ‘हिचे डोळे, सकाळी 10’. पुढचे कितीतरी दिवस चौकोनाच्या कोपऱ्यात चार बारीक टिंबं, एकेक खोडलेलं: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा घालायचे थेंब. असं एखादं पान सापडलं तर ‘प्रेमळ’ हा शब्द लिहावाच लागत नाही. याला पंचनामा म्हणायला माझं मन धजत नाही.

माझ्या यादीतली तारखांची खटपटही याचसाठी. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती खरी जन्मतारीख असेलच असं नाही. जूनमध्ये शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी बेधडक 1 जून लिहीत. सेवापुस्तक, निवृत्ती, पेन्शन सगळं त्याच तारखेवर चालतं, म्हणून कागदपत्रांत ती बदलायच्या भानगडीत पडू नका. लेखात मात्र आत्या काय सांगते ते लिहा, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म असेल तर तसंच. साल आठवत नसेल तर मोठ्या घटनांना टेकवून विचारा: पानशेतचा पूर (12 जुलै 1961), कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), बहात्तरचा दुष्काळ, गिरणी संप (जानेवारी 1982 पासून). “भूकंपाच्या वेळी ताई रांगत होती” एवढ्यावरून घर कधी घेतलं, बदली कधी झाली, सगळं जुळत जातं.

मृत्यूच्या तिथीतही घोळ होतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, दाखल्यावरची तारीख मध्यरात्री. रात्री दोनला गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर पुढची तारीख असते. शिवाय उत्तरेकडच्या पंचांगात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं, आपला भाद्रपद वद्य तिकडे आश्विन कृष्ण. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या नातेवाइकांना वर्षश्राद्धाचं कळवताना तिथीसोबत तारीखही लिहा.

कडकपणाबद्दल मात्र मी ठाम आहे. तुम्हीच लिहिलंय की बाबा निकालाच्या दिवशी घरात बोलत नसत, आणि नातवाला मात्र नापास झाल्यावर आइसक्रीम खायला घेऊन गेले. हे वगळून काय उरतं? नातवंडं म्हणजे दुधावरची साय असं आपण म्हणतो, पण ती साय धरायला दूध आधी तापावं लागतं. मुलांनी सोसलेला बाप आणि नातवांना मिळालेला आजोबा हा एकच माणूस होता. तो कसा बदलला, हीच तर त्यांच्या आयुष्याची गोष्ट. यात निंदा नाही. फक्त निवाडा करू नका, प्रसंग जसा घडला तसा लिहा. भावाची आठवण तुमच्यापेक्षा वेगळी असेल तर दोन्ही ठेवा, कुणाची खरी यावर वाद घालू नका.

लग्नाचा फोटो काचेला चिकटलाय, काय करावं, असंही विचारलंत. ओढू नका, पाणीही लावू नका. दमटपणामुळे फोटोवरचा थर काचेला धरलेला असतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवा आणि 600 डीपीआयला स्कॅन करा. 3 बाय 4 इंचांच्या फोटोतून 6 बाय 8 इंचांची चांगली प्रत निघते. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती बारीक होते.

‘त्यांच्या पश्चात’ या ओळीत लेकी-जावयांची नावंही सुनांइतकीच नीट घाला. ती राहून गेली की वर्षानुवर्षं सल राहतो.

वर्षश्राद्धाला वाचायचं असेल तर 500 शब्द पुरेत, साधारण पाच मिनिटं होतात. पण त्याआधी एका दुपारी कच्चा लेख आईंना एकट्यांना वाचून दाखवा. जिथे त्या “नाही गं, असं नव्हतं” म्हणतील तिथे थांबा, आणि त्या पुढे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.